मागे फिरवलेली तारीख

आज कोणता वार आहे, हे मला विचारू नका. मला एकच तारीख सांगता येते : ११ मार्च १९७४. त्या दिवशी सोमवार होता. तारीख खरी आहे. पण मी ती ज्या कागदावर शेवटची उमटवली, तो कागद त्या दिवशी आलेलाच नव्हता.

मित्रांनो, मी एका कोर्टाचा जुना आवक शिक्का आहे. मूठ मोलावे लाकडाची, अंग पितळेचे आणि पोटात तीन रबरी पट्टे : एक दिवसाचा, एक महिन्याचा, एक वर्षाचा. वर्षाच्या पट्ट्यावर १९६८ पासून १९७९ पर्यंत बारा वर्षे कोरलेली आहेत. माझ्यासारख्या शिक्क्याचे आयुष्य तेवढेच धरतात. फिलिपिन्समधल्या इलॉइलो शहरात बंदराजवळच्या एका शिक्केवाल्याने मला बनवले आणि डिसेंबर १९६७ मध्ये मी बोटीने सान लेओकादियोला आलो. गाव उसाचे. साखर कारखान्याचा भोंगा आणि चर्चची घंटा यांच्या मधोमध आमचे कोर्ट, दोन खोल्यांचे.

मला ज्यांनी हाताळले त्या इलुमिनादा दुमानकास. कोर्टाच्या मुख्य कारकून. गावात वयाने मोठ्या बाईला 'मानांग' म्हणतात, म्हणून त्या सगळ्यांच्या मानांग लुमिन. सकाळी आठला त्या आल्या की छत्री कोपऱ्यात ठेवायच्या आधी माझे चाक एक खाच पुढे सरकवायच्या. दिवसभर जो कागद येईल त्यावर मला उमटवायच्या, वेळ लिहायच्या आणि आवक वहीत एक ओळ नोंदवायच्या. संध्याकाळी पाचला वहीच्या त्या दिवसाच्या पानावर जेवढ्या ओळी कोऱ्या उरल्या असतील, त्यांच्यावर तिरकी रेघ. मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी नवे पान. शनिवारी त्या मला स्पिरिटच्या बोळ्याने पुसायच्या. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, की या प्रांतात इतका स्वच्छ ठसा दुसऱ्या कुठल्या कोर्टात नाही. ते ऐकून मला फार बरे वाटले होते. आज ते आठवले की मला माझीच लाज वाटते.

माझ्यात एक दोष होता. मी पुढे सहज फिरायचो, पण मागे फिरवले की अडायचो. घाईत मानांग लुमिन यांच्याकडून चाक दोन खाचा पुढे गेले, की एक खाच मागे घेताना त्यांची पाच मिनिटे जायची. अंगठ्याने पट्टा जरा उचलायचा, नखाने चाक दाबायचे आणि मग हळूच ओढायचे. ही युक्ती त्यांच्या बोटांनाच ठाऊक होती.

"मेल्या, हट्टी आहेस अगदी," त्या म्हणायच्या.

"कुणाला शिव्या देतेस गं?" आतल्या खोलीतून आवाज यायचा.

"तुम्हाला नाही, हुवेस. शिक्क्याला."

"मग ठीक आहे. मला वाटलं, निकाल वाचलास."

हुवेस म्हणजे न्यायाधीश. आमचे हुवेस अन्सेल्मो कातालबास. १९६९ साली आले. उंच, किडकिडीत, कोकोच्या ताबलेया वड्यांचे दाट चॉकलेट पाण्यात घोटून पिणारे. वर्षातून एकदा शाळेची मुले कोर्ट पाहायला येत, तेव्हा ते मला हातात घेऊन बाहेर येत.

"हा शिक्का कोण फिरवतं?" ते विचारत.

"मानांग लुमिन," मुले म्हणत.

"बरोबर. मला इथे कुणी बसवलं? राष्ट्राध्यक्षांनी. आता सांगा, मनिलातलं सगळ्यात वरचं कोर्ट कुणी उभं केलं?"

एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "देवानं."

"देवाला इतका वेळ नाही," हुवेस म्हणाले. "ते संविधानानं उभं केलं. राष्ट्राध्यक्ष तिथे माणसं नेमतात, पण कोर्ट त्यांचं नाही. ते त्यांच्या आधीही होतं आणि नंतरही राहणार. म्हणून ते राष्ट्राध्यक्षांनाही सांगू शकतं, की हे तुमचं चुकलं. आणि त्याच कोर्टाच्या हाताखाली हे आमचं दोन खोल्यांचं कोर्ट. समजलं?"

मुले मान डोलवत. त्यांचे लक्ष माझ्याकडे असे. मग प्रत्येकाच्या मनगटावर मी एकेकदा उमटे आणि सगळी त्या दिवसाची तारीख मिरवत घरी जात.

सप्टेंबर १९७२ मध्ये देशात लष्करी कायदा लागू झाला. आठवड्याभरात वरून आदेश आला, की सगळ्या न्यायाधीशांनी राजीनामा लिहून द्यावा. त्यावर सही करावी. तारीख घालू नये. मानांग लुमिन टाइप करत होत्या, तेव्हाचे बोलणे मला शब्दन् शब्द आठवते.

"हुवेस, तारीख?"

"घालायची नाही."

"तारखेशिवाय कागद? माझ्या टेबलावर?"

"सगळेच देताहेत, लुमिन. हवी तेव्हा ते घालतील."

"म्हणजे तुम्ही आज राजीनामा देताय की नाही?"

"आज नाही. कधी, ते मला माहीत नाही. तेच तर त्यांना हवंय." ते थोडे थांबले. मग म्हणाले, "मी सही केली नाही तर उद्या या खुर्चीवर दुसरा बसेल. तो काय करेल, कुणाला ठाऊक."

त्यांनी तीन प्रतींवर सही केली. दोन प्रती वर गेल्या, एक आमच्या तिजोरीत राहिली. मानांग लुमिन यांच्या टेबलावरून तारखेशिवाय गेलेला तो पहिला कागद.

पुढच्या जानेवारीत नवे संविधान आले. हुवेस यांनी ते चॉकलेट घेत घेत वाचले. सर्वोच्च न्यायालय त्यातही होते आणि अधिकारांची कलमे भारदस्त होती. पण शेवटच्या पानांत लिहिले होते, की सध्याचे न्यायाधीश सत्तरीपर्यंत राहतील, मध्येच त्यांच्या जागी दुसरा नेमला नाही तर.

"वाईट आहे का?" मानांग लुमिन यांनी विचारले.

"घर पक्कं आहे," हुवेस म्हणाले. "फक्त दाराची कडी बाहेरून आहे."

मित्रांनो, आता मार्च १९७४ कडे येतो. हा भाग मला सांगवत नाही, म्हणून तो मी नीट सांगणार आहे.

त्या जानेवारीपासून गावच्या तुरुंगात चौदा ऊसतोड मजूर होते. आन्तिकेच्या डोंगरातून हंगामाला आलेले. एका बड्या जमीनदाराचा उभा ऊस त्यांनी पेटवला, असा आरोप होता. त्यांनी मुकादमाकडे मजुरी वाढवून मागितली होती, एवढेच गावाला माहीत होते. खटला चालला तेव्हा कारखान्याच्या वजनकाट्याची वही कोर्टासमोर आली. ऊस पेटला त्या वेळी चौदाही जण तीन कोस लांब गाड्या भरत होते. गुरुवारी, १४ मार्चला, दुपारी चार वाजता हुवेस यांनी सगळ्यांना निर्दोष ठरवले. निकालावर मी उमटलो. तुरुंगात पाचनंतर कागद घेत नसत, म्हणून सुटका शुक्रवारी सकाळी व्हायची होती.

आता तीन दिवस मागे जाऊ. सोमवारी, ११ मार्चला, सान होसेची नवेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होती आणि प्रसादाचे इबोस करायची पाळी मानांग लुमिन यांची होती. नारळाच्या दुधातला चिकट भात, ताडाच्या कोवळ्या पानात गुंडाळून वाफवायचा. दीडशे नग. साडेतीनलाच त्या चुळबुळू लागल्या.

"जा गं," हुवेस म्हणाले. "तांदूळ तुझी वाट बघताहेत."

"वहीवर रेघ मारायची राहिली, हुवेस. पाच वाजेपर्यंत एखादा कागद आला तर?"

"आला तर मी घेईन. रेघ उद्या मार. सान होसेला वाट बघायला लावू नकोस."

त्या गेल्या. कागद आला नाही. मंगळवारी त्यांनी नवे पान उघडले आणि सोमवारची रेघ मारायची राहून गेली. त्या पानावर तीन ओळी कोऱ्या राहिल्या.

शुक्रवारी, १५ मार्चला, सकाळी आठ चाळीसला आतॉर्नी गारेता आले. जमीनदाराचे वकील. इस्त्रीचा पांढरा बारोंग सदरा अंगात, हातात कातडी पाकीट. हुवेस यायला अजून वीस मिनिटे होती आणि हे गारेता यांना ठाऊक होते. त्यांनी पाकिटातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. तो हुवेस यांचा राजीनामा होता. वर गेलेल्या दोन प्रतींपैकी एक. कोपऱ्यात 'स्वीकृत' असे लिहिलेले. तारखेची जागा तशीच.

"मानांग, हा सोमवारी तुमच्याकडे आला," ते म्हणाले.

"सोमवारी असं काही आलं नाही, आतॉर्नी."

"वही बघू."

त्यांनी पाने उलटली आणि त्या तीन ओळी त्यांना दिसल्या. मला वाटते, तोवर त्यांच्या मनात दुसरी काही युक्ती असावी. ओळी पाहून ते हसले. खिशातून स्वतःचे हिरव्या शाईचे पेन काढले आणि सोमवारच्या पानावर पाचवी नोंद लिहून टाकली.

"आता शिक्का."

"सोमवारी राजीनामा दिला, तर गुरुवारचा निकाल..."

"निकाल देणारा न्यायाधीशच नव्हता. मग निकाल कसला?" त्यांनी मला उचलले आणि चाक मागे फिरवू लागले. मी अडलो. त्यांनी जोर लावला. मी हललो नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली अभिमानाची एवढीच दोन मिनिटे आहेत.

"हा फिरत नाही."

"तो मागे फिरत नाही," मानांग लुमिन म्हणाल्या.

गारेता यांनी मला त्यांच्यासमोर ठेवले. आवाज चढवला नाही. "तुमच्या मिस्टरांची पाळी कारखान्यात सकाळचीच ना? पाकाच्या कढईवर?"

मानांग लुमिन यांनी उघडी वही आपल्याकडे ओढून घेतली.

"जपून काम करायला सांगा. कढई फार तापते."

भिंतीवरच्या घड्याळाचे मी तीस ठोके मोजले. मग मानांग लुमिन यांनी मला हातात घेतले. अंगठ्याने पट्टा उचलला, नखाने चाक दाबले. पंधरा, चौदा, तेरा, बारा, अकरा. मी एकदाही अडलो नाही. आदल्या शनिवारी त्यांनी मला तेल दिले होते, म्हणून असेल. त्यांचा हात ओळखीचा होता, म्हणूनही असेल. कारण कोणतेही असो, परक्या हातात मी जे केले नाही, ते त्या हातात केले. राजीनाम्यावर ११ मार्च १९७४ उमटला. ठसा स्वच्छ होता.

नऊ वाजता हुवेस आले. गारेता त्यांना कागद दाखवून तुरुंगाकडे गेले. हुवेस यांनी वही उघडली, हिरव्या शाईतली ओळ पाहिली, शिक्का पाहिला. बराच वेळ ते पानावर बोट ठेवून उभे होते.

"शिक्का उघडा ठेवून बाहेर गेली होतीस का, लुमिन?" त्यांनी विचारले.

मी टेबलावरच होतो. मला वाटले, आता त्या सांगतील.

"हो, हुवेस," मानांग लुमिन म्हणाल्या. "पाणी आणायला गेले होते."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी खुर्चीवरचा कोट घेतला, चॉकलेटचा कप रुमालात गुंडाळला आणि ते घरी गेले.

इलॉइलोतला एक तरुण वकील त्यांना भेटायला आला होता, असे मी नंतर ऐकले. तो म्हणाला, सर्वोच्च न्यायालयात जाऊ, तारीख खोटी आहे हे सिद्ध करू. हुवेस म्हणाले, "आणि त्यांनी विचारलं, सही तुमची का, तर?" अर्ज झाला नाही.

चौदा मजुरांचा खटला नव्याने चालला. नव्या न्यायाधीशांनीही वजनकाट्याची तीच वही पाहिली आणि तोच निकाल दिला, पण तो फेब्रुवारी १९७५ मध्ये. अकरा महिने उलटले होते. तुरुंगातून तेरा जण बाहेर आले. चौदावा तेओफिलो सालबान. ऑक्टोबरमध्ये तो तापाने आतच गेला. वय चौतीस.

मला हे सगळे एका शिवणाच्या डब्यात बसून कळले. त्या शुक्रवारनंतर मानांग लुमिन यांनी मला दुसऱ्या कागदावर वापरले नाही. शनिवारी पिशवीत घालून घरी नेले, सोमवारी कोर्टात शिक्का हरवल्याचे लिहून दिले आणि नवा मागवला. माझे चाक पुन्हा पुढे फिरवायचा धीर त्यांना झाला नाही. रिळे, बटणे आणि मी, असे आम्ही बारा वर्षे एकत्र काढली. हळूहळू माझे रबर कडक झाले. दर रविवारी त्या इबोस करून पत्र्याच्या निळ्या डब्यातून हुवेस यांच्या घरी नेत. पुढच्या रविवारी रिकामा डबा परत मिळे आणि भरलेला तिथे राही. असे दोन डबे बारा वर्षे फिरत होते. यजमान वारले, त्या निवृत्त झाल्या, तरी डबे थांबले नाहीत. दर शनिवारी संध्याकाळी पाने कातरायला त्या कात्री काढत आणि माझ्याकडे बघून झाकण लावत.

फेब्रुवारी १९८६ मध्ये सरकार बदलले. नवे संविधान लिहायला आयोग नेमला गेला आणि त्याचे सदस्य प्रांताप्रांतात जाऊन लोकांचे ऐकू लागले. आमच्याकडे ते गुरुवारी, ३ जुलैला आले. शाळेच्या सभागृहात पंखे गरगरत होते आणि बाके गच्च भरली होती. मी मानांग लुमिन यांच्या पिशवीत होतो. हुवेस दुसऱ्या रांगेत बसले होते. वय सदुसष्ट, हातात काठी.

आयोगाच्या एक चष्मेवाल्या बाई न्यायालयांच्या प्रकरणात काय काय घालायचे घाटते आहे, ते समजावून सांगत होत्या. न्यायदानाचा अधिकार एका सर्वोच्च न्यायालयाकडे आणि कायद्याने स्थापलेल्या त्याखालच्या न्यायालयांकडे. न्यायाधीश नेमायचे ते एका मंडळाने सुचवलेल्या नावांतून, मर्जीने नाही. एकदा नेमला की वर्तन चांगले असेपर्यंत, सत्तरीपर्यंत तो राहील. त्याला दूर करायचे असेल तर ते सर्वोच्च न्यायालयच ठरवेल, दुसरे कुणी नाही. कोर्टांची फेररचना करतो म्हणून त्याची खुर्ची काढून घेता येणार नाही.

"बाई, तांदळाचं काय ते बोला," मागून कुणीतरी म्हणाले. "कोर्टाचं आम्हाला काय करायचंय?"

"तुला नसेल करायचं, पेपे," दुसरा म्हणाला. "तुझ्या कोंबड्यांच्या झुंजीवर धाड पडली की बघू."

लोक हसले. बाईही हसल्या आणि पुढे वाचू लागल्या. सरकारच्या कोणत्याही शाखेने अधिकाराचा घोर गैरवापर केला आहे का, हे तपासणे कोर्टाचे कर्तव्य राहील. हा आमचा विषय नाही, असे म्हणून त्याला अंग काढून घेता येणार नाही.

मग त्यांनी विचारले, कुणाला काही सांगायचे आहे का.

मानांग लुमिन उठल्या. मला रुमालातून काढून त्यांनी टेबलावर ठेवले.

"हा सान लेओकादियोच्या कोर्टाचा आवक शिक्का," त्या म्हणाल्या. "हरवला असं मी लिहून दिलं होतं. हरवला नव्हता."

त्यांनी सगळे सांगितले. तारखेशिवाय टाइप केलेला राजीनामा, सोमवारची राहिलेली रेघ, हिरवी शाई. बोलताना त्या समोर बघत होत्या, दुसऱ्या रांगेकडे नाही.

"आणि तारीख मागे कुणी फिरवली?" बाईंनी विचारले. "त्या वकिलांनी?"

"त्यांना फिरवता आली नाही. मी फिरवली."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला धमकी होती."

"होती. पण चाक मी फिरवलं. नऊ वाजता हुवेसनी विचारलं, तेव्हा वकील तिथे नव्हते. तेव्हाही मी खोटं बोलले. ती धमकी नव्हती, बाई. ती लाज होती."

डाव्या बाजूच्या बाकावरून एक बाई उठून टेबलापाशी आल्या. सुती झगा, पायात रबरी चपला. पास्तोरा सालबान, तेओफिलोची विधवा. नवरा इथल्याच दफनभूमीत आहे म्हणून त्या डोंगरात परत गेल्या नव्हत्या. त्यांनी मला उचलले आणि कोरडेच स्वतःच्या तळहातावर दाबले. कडक रबराचा वळ उठला. त्यांनी तो निरखून पाहिला.

"सोमवारचं मला काही आठवत नाही," त्या म्हणाल्या. "मला शुक्रवार आठवतो. सुटणार म्हणून मी भात आणि सुकी मासळी घेऊन सकाळपासून फाटकाशी उभी होते. शिपाई म्हणाला, काल निकाल देणारा न्यायाधीशच नव्हता. मी म्हटलं, अरे, मी त्याला खुर्चीवर बसलेला बघितला की." त्यांनी मला खाली ठेवले आणि मानांग लुमिन यांच्याकडे पाहिले. "मी तुम्हाला माफ करायला आलेले नाही, मानांग. पण तुम्ही सांगितलंत ते लिहून घ्यायला लावा. माझ्या नवऱ्याबद्दल आजपर्यंत कुणी काहीच लिहिलेलं नाही."

"लिहून घेतलं आहे," आयोगाच्या बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला हातात घेतले. "याच्यावर आजची तारीख लावता येईल का?"

"नाही," मानांग लुमिन म्हणाल्या. "त्याच्यात आजचं वर्षच नाही."

मानांग लुमिन वळल्या तेव्हा दुसऱ्या रांगेतली जागा रिकामी होती. हुवेस निघून गेले होते.

त्या रविवारी, ६ जुलैला, त्यांनी इबोस केले नाहीत. मी खिडकीत होतो. शिवणाच्या डब्यात परत ठेवायचे त्यांना सुचले नव्हते. दहाच्या सुमारास काठीचा आवाज आला. बारा वर्षांत हुवेस त्यांच्या घरी कधी आले नव्हते. त्यांच्या हातात निळा डबा होता.

"डबा राहिला होता," ते दारातूनच म्हणाले.

"आत या, हुवेस."

ते बसले. डबा मांडीवरच होता. मला खिडकीत पाहून ते म्हणाले, "हाच का हट्टी?"

मानांग लुमिन रडू लागल्या. हुवेस यांनी त्यांना रडू दिले.

"मला माहीत होतं, लुमिन," मग ते म्हणाले. "पाच वर्षं मी आतल्या खोलीतून तुझ्या शिव्या ऐकत होतो. हा मागे फिरत नाही, हे मला पाठ होतं. त्या गारेताच्या बापालाही तो फिरवता आला नसता. वही उघडली, शिक्का बघितला आणि मला कळलं."

"मग पाणी आणायला गेले होते म्हटलं तेव्हा गप्प का बसलात?"

"तू खरं सांगितलं असतंस, तर पुढे मला विचारलं असतंस, की हुवेस, सही कुणाची?" ते डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिले. "आणि ती रेघ उद्या मार म्हणून कुणी सांगितलं? तारीख खोटी होती. सही खरी होती. बारा वर्षं मी तुझे इबोस खाल्ले, कारण तुला वाटत होतं की फसवणूक तुझ्या एकटीची आहे. मला ते सोयीचं होतं."

मानांग लुमिन यांनी त्यांच्या मांडीवरचा डबा उचलून बाजूला ठेवला. मग ते म्हणाले, "परवा त्या पास्तोरेकडे जाऊ. दोघं. माफीची भाषा नको. फक्त काय घडलं ते तिला माझ्याही तोंडून ऐकू दे." ते दोघे मंगळवारी गेले. तिथे काय बोलणे झाले, ते मला माहीत नाही. मी गेलो नव्हतो.

नवे संविधान सोमवारी, २ फेब्रुवारी १९८७ रोजी लोकांच्या मताने मंजूर झाले. त्या बाईंनी वाचून दाखवले होते, ते जवळजवळ सगळे त्यात आले. मानांग लुमिन यांच्या सांगण्याने एखादा शब्द बदलला का, हे मी सांगू शकत नाही. तसे सांगणे खोटे होईल, आणि माझ्या वाट्याचे खोटे माझे बोलून झाले आहे.

त्यानंतर त्यांनी मला कोर्टाला परत केले. आता मी आवक टेबलाजवळच्या काचेच्या कपाटात आहे. शेजारी एका कागदावर चौदा नावे आहेत. अधूनमधून शाळेची मुले येतात. सध्याच्या कारकून बाई त्यांना नवा शिक्का दाखवतात आणि मनगटांवर आजची तारीख उमटवतात. मग एखादे मूल कपाटाकडे बोट दाखवून विचारते, हा अजून ११ मार्चवर का? कधी बाई खरे सांगतात. कधी म्हणतात, जुना झालाय.

मित्रांनो, मी रबराचा आहे. मला हात नाहीत. संविधान कागदाचे आहे, त्यालाही हात नाहीत. ते सर्वोच्च न्यायालय उभे करते, त्याला अधिकार देते, त्याच्या दाराची कडी आतून लावते. पण त्या दारापर्यंतचा कागद तुमच्याच हातून जातो. तुमच्यातले कुणी उद्या माझ्यासारख्या शिक्क्यापाशी बसेल, कुणी सही करायच्या खुर्चीवर. तारीख नसलेल्या कागदावर सही करू नका. आणि संध्याकाळी कितीही घाई असो, घरी कुणीही वाट बघत असो, पानावर उरलेल्या ओळींवर रेघ मारूनच उठा. मला त्या तीन ओळी अजून दिसतात.